बैठक मारताना गुडघा पायाच्या बोटांपुढे गेला तर बिघडतं का?

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचं म्हणणं थोडक्यात असं : वय ४४, काम दिवसभर खुर्चीत बसून, पंधरा वर्षं व्यायाम जवळजवळ बंद. दीड महिन्यापूर्वी जिम लावली, आठवड्यातून पाच दिवस जातात. तिथला ट्रेनर दर बैठकीला ओरडतो, ‘गुडघा बोटांच्या पुढे नको, वाटी झिजेल.’ वडील कोल्हापूरच्या तालमीत वाढलेले. ऐन उमेदीत रोज पाचशे बैठका मारायचे आणि सत्तरीतही मांडी घालून जेवायला बसतात. त्यांनी असला नियम कधी ऐकलेला नाही. आता यांच्या उजव्या गुडघ्यातून कटकट आवाज येतो आणि जिना उतरताना वाटीच्या मागे दुखतं. दोघांपैकी बरोबर कोण, आणि बैठका बंद करायच्या का?

मी बावीस वर्षं फिजिओथेरपी करते. त्यातली सहा वर्षं माणसाच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेत गेली. बोटांचा हा नियम सुरुवातीची बरीच वर्षं मीही रुग्णांना सांगत होते आणि पुढे सांगायचा सोडला. का सोडला ते लिहिते, त्यातच तुमचं उत्तर आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी. मी तुमचा गुडघा पाहिलेला नाही. सूज आहे का, पूर्वी कधी मुरगळला होता का, वजन किती, मांडीचं हाड लांब की आखूड, घोटा किती वाकतो, यावर बरंच काही अवलंबून असतं. तरी तुमच्या प्रश्नातल्या एका ओळीवर माझं लक्ष अडकलं, ती ओळ गुडघ्याच्या जागेबद्दल नाहीच. ‘पंधरा वर्षं काही नाही आणि आता आठवड्यातून पाच दिवस’ ही ती ओळ. तिच्याकडे शेवटी येते.

आधी तो नियम. १९६१ साली टेक्सास विद्यापीठातल्या कार्ल क्लाइन यांनी वजन उचलणाऱ्या खेळाडूंचे गुडघे तपासले आणि खोल बैठकांनी गुडघ्याचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधणारे पट्टे, सैल होतात असा निष्कर्ष काढला. अमेरिकेत त्याचा मोठा गाजावाजा झाला. शाळा-कॉलेजांच्या व्यायामशाळांत पूर्ण खाली बसणं बंद झालं. नंतर इतरांनी तशीच तपासणी केली तेव्हा सैलपणा काही सापडला नाही. पण तोवर भीती रुजली होती. ‘फार खाली नको’ आणि ‘गुडघा पुढे नको’ ही त्या काळजीचीच वाक्यं, आणि ट्रेनरच्या एका पिढीकडून दुसरीकडे ती तशीच चालत आली.

वाटीवरच्या दाबाबद्दलची भीती मात्र हवेतली नव्हती. १९७२ मध्ये रायली आणि मार्टेन्स या दोघांनी गणित मांडलं. सपाट रस्त्यावर चालताना वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या साधारण निम्म्या जोराने दाबली जाते, जिन्यावर साधारण सव्वातीन पट आणि खोल बैठकीत साडेसात पट. साडेसात पट हा आकडा ऐकला की कुणीही दचकेल. तुमचं वजन ७० किलो धरलं तर पाचशे किलोच्या वर जातो! तुम्हाला सपाट रस्त्यावर काही वाटत नाही आणि जिना आला की दुखतं, त्यामागे हेच प्रमाण आहे. जिना उतरताना सगळं वजन एका पायावर असतं आणि मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो.

पण या आकड्यात दोन गोष्टी धरलेल्या नाहीत. पहिली : जोर आणि दाब एक नव्हेत. गुडघा वाकत जातो तसतसा वाटीचा मांडीच्या हाडाला टेकणारा भाग वाढत जातो, म्हणजे वाढलेला जोर वाढलेल्या जागेवर पसरतो. काटकोनाच्या पुढे वाकलं की वाटीच्या वरचा जाड स्नायुबंध, म्हणजे मांडीच्या स्नायूला वाटीशी जोडणारा पट्टा, स्वतःच हाडाच्या खाचेवर टेकतो आणि काही भार आपल्या अंगावर घेतो. दुसरी : पूर्ण उकिडवं बसल्यावर पोटरी आणि मांडी एकमेकींवर दाबली जातात. पाटावर बसून भाकरी थापणाऱ्या, विहिरीवर धुणं धुणाऱ्या आपल्या आज्या तासन्‌तास कशाच्या आधारावर बसत होत्या? बराचसा भार या टेकलेल्या मांसावर असायचा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पोटरी आणि मांडी यांच्यामध्ये दाब मोजणारं उपकरण ठेवून हे मोजलं, आणि हा आधार गणितात धरला की सांध्यावरचा भार बराच खाली येतो असं त्यांना दिसलं. म्हणून ‘जितकं खाली तितकं वाईट’ ही सरळ रेषा खरी नाही. वाटीसाठी सगळ्यात अवघड जागा असते ती काटकोनाच्या आसपासची. आणि गंमत बघा, जिममध्ये ‘इथेच थांबा’ म्हणतात ती जागा नेमकी हीच.

आता तुमच्या ट्रेनरच्या वाक्याकडे. २००३ मध्ये फ्राय आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. सात जणांना खांद्यावर स्वतःच्या वजनाइतका बार देऊन बैठक मारायला लावलं. एकदा मोकळी, एकदा नडग्यांसमोर उभी फळी ठेवून, म्हणजे गुडघा बोटांच्या पुढे जाऊच शकणार नाही. फळी असताना गुडघ्यावरचा पीळ, म्हणजे सांध्याला वळवू पाहणारा जोर, १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आला. इथवर ट्रेनर बरोबर. पण त्याच वेळी खुब्यावरचा पीळ २८ वरून थेट ३०३ वर गेला. गुडघ्यावरचा एकपंचमांश वाचवायला खुब्यावर दहापट भार टाकावा लागला. खुबा वाकला की धड झुकतं, धड झुकलं की कंबर कामाला लागते. पुढे झुरिचच्या ईटीएच या संस्थेत गुडघे अडवून आणि मोकळे सोडून कण्याची हालचाल मोजली, तेव्हा अडवलेल्या बैठकीत कमरेचा बाक जास्त बदलत होता.

हे घरी दोन मिनिटांत करून पाहता येईल. प्लॅस्टिकची दोन स्टुलं शेजारीशेजारी ठेवा, उंची साधारण गुडघ्याइतकी. पायाची बोटं स्टुलाला टेकवून उभे राहा आणि खाली बसायचा प्रयत्न करा. गुडघे स्टुलाला अडतील, ढुंगण मागे जाईल, आणि मागे पडू नये म्हणून छाती मांड्यांवर येईल. घरातल्या कुणाला तरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. मग स्टुलं काढून पुन्हा बसा. दोन्ही व्हिडिओ एकाखाली एक पाहिले की मी वर लिहिलेले आकडे डोळ्यांना दिसतील. शरीराचा तोल पायांच्या तळव्यांवरच राहायला हवा. गुडघा पुढे सोडला नाही, तर तोल सांभाळण्यासाठी दुसरं काहीतरी पुढे जाणारच. भार नाहीसा होत नाही. गुडघ्याकडून काढला तर तो खुब्याकडे आणि कमरेकडे सरकतो.

त्यामुळे लांब मांड्यांच्या माणसाचा गुडघा बैठकीत पुढे जाणारच. आखूड मांड्यांच्या माणसाचा कदाचित जाणार नाही. दोघांना एकच नियम लावणं मला पटत नाही. शिवाय आपण जिना उतरताना गुडघा दर पायरीला बोटांच्या पुढे नेतो. खुर्चीतून उठतानाही नेतो. तो जिथे रोज जातो तिथे व्यायामात कधीच न्यायचा नाही म्हटलं, तर त्या जागेसाठी तो तयार कधी होणार?

हे वाचून बैठक निर्धोक ठरली असं समजू नका. सिद्ध कशाला म्हणायचं, तेही पाहावं लागतं. सात जणांचा प्रयोग म्हणजे सात जणांचाच. ते सगळे सरावलेले पुरुष होते. तुमच्यासारखा पंधरा वर्षांनी परतलेला माणूस त्यात नव्हता.

प्रयोगशाळेत काम करताना मला हे फार जवळून कळलं. आम्ही अंगावर चमकणारे छोटे गोळे चिकटवायचो, बोराएवढे. खुब्याच्या हाडावर, गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना, घोट्यावर. भोवतालचे कॅमेरे त्या गोळ्यांचा माग काढतात, जमिनीत बसवलेली पाटी पायाचा जोर मोजते आणि दोन्हींवरून गणित करून सांध्यावरचा पीळ काढतात. सांध्याच्या आत कुणी शिरत नाही. एका मे महिन्यात एक पैलवान मुलगा आला होता. घामाने गोळे सुटायला लागले. पुसून, पुन्हा चिकटवून आम्ही त्याला पूर्ण खाली बसायला सांगितलं. पडद्यावर त्याचं मांडीचं हाड मध्येच दोन सेंटिमीटर लांब झालं! हाड कसं लांब होईल? कातडी सरकली होती. खोल बैठकीत मांडीचं मांस पोटरीवर दाबून बाजूला सरतं आणि त्याच्यावरचा गोळाही सरतो. ज्या जागेबद्दल सगळ्यात जास्त वाद घातला जातो, तिथेच आमचं मोजमाप सगळ्यात कच्चं असतं. त्या दिवसापासून खोल बैठकीचा कुठलाही आकडा मी दशांशापर्यंत खरा मानत नाही. दिशा खरी मानते.

सांध्याच्या आत शिरून मोजलेले आकडेही आहेत, थोडे आहेत. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात काही रुग्णांना बसवलेल्या कृत्रिम गुडघ्यांतच मोजयंत्र होतं. २०१० साली पाच रुग्णांचे आकडे प्रसिद्ध झाले : चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या २६१ टक्के, गुडघे वाकवून बसून-उठताना २५३, खुर्चीतून उठताना २४६, जिना चढताना ३१६ आणि उतरताना ३४६ टक्के. हे मांडी आणि नडगीच्या हाडांमधले आकडे, वाटीमागचे नव्हेत. माणसंही उतारवयातली, बैठकही उथळ. तरी मी हा तक्ता दवाखान्यात भिंतीवर लावला आहे, कारण ‘बैठक नको, गुडघे जातील’ म्हणणारी माणसं तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून चार वेळा उतरून येत असतात.

वडिलांच्या बाजूने बोलायचं तर तालमीतली बैठक हा वेगळाच प्रकार आहे. टाचा उचललेल्या, हातांचा झोका, चवड्यांवर वजन, गुडघे चांगले वीतभर पुढे. ट्रेनरच्या नियमाच्या अगदी उलट. तरी ती पोरं टिकायची, कारण खांद्यावर बार नसायचा, सुरुवात दहा-बारा वर्षांच्या वयात पाच-पन्नासांपासून व्हायची आणि पाचशेपर्यंत पोचायला कित्येक वर्षं जायची. कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर), स्नायुबंध, हाड ही सगळी जिवंत ऊती आहे. भार आला की ती हळूहळू तशी घडते. स्नायू काही आठवड्यांत दाद देतो, स्नायुबंधाला महिने लागतात. कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसतात. ती दाबली जाऊन, सुटून, आतल्या द्रवाच्या ये-जा करण्यावर जगते. बैठका मारल्यावर लगेच एमआरआय काढला तर वाटीच्या कूर्चेचं आकारमान काही टक्क्यांनी कमी दिसतं आणि तासा-दीड तासात ते पूर्ववत होत जातं. दाब हा तिचा शत्रू नाही. तिला सुटायला वेळ हवा.

मात्र वडिलांचा पुरावाही पूर्ण नाही. तालमीत ज्यांचे गुडघे गेले ते तालीम सोडून गेले. सत्तरीत मांडी घालून बसणारे आपल्याला दिसतात, बाकीचे दिसत नाहीत. शिवाय बीजिंगमधल्या हजाराहून जास्त वृद्धांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुणपणी रोज तीन तासांहून जास्त उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण, अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या मानाने, साधारण दुप्पट होतं. तीन तास सलग दाब आणि दहा मिनिटांच्या बैठका यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. तरी ‘आपल्याकडे सगळे उकिडवे बसायचे, कुणाचे गुडघे गेले?’ असं कुणी म्हटलं की मी हा अभ्यास आठवणीने सांगते. गुडघे जात होते, बोलत कुणी नव्हतं.

उकिडवं बसणं, मांडी घालणं हे आपल्याकडे चैनीचं नाही, गरजेचं आहे, म्हणून हा विषय मला इतका जवळचा वाटतो. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाऊल घडवलं, ते नेमकं यासाठीच. परदेशी पावलावर शेतात चालता येत नव्हतं, उकिडवं बसता येत नव्हतं, देवळात चप्पल काढता येत नव्हती. कारण त्या पावलाचा घोटा वाकत नव्हता. घोटा वाकल्याशिवाय नडगी पुढे जात नाही आणि नडगी पुढे गेल्याशिवाय माणूस खाली बसत नाही. जयपूर फूट वापरणारा माणूस बसतो तेव्हा त्याचा गुडघा बोटांच्या पुढेच असतो.

आवाजाबद्दल थोडक्यात. सूज नाही, दुखत नाही आणि आवाज येतो, तर मी त्याच्याकडे दुर्लक्ष करते. असे गुडघे घराघरांत आहेत. तुमच्याकडे आवाजासोबत दुखणंही आहे. मी त्यातल्या दुखण्याच्या मागे जाईन, आवाजाच्या नाही.

आता ती ओळ. पंधरा वर्षं शून्य आणि मग एकदम पाच दिवस. तुमचा गुडघा बोटांच्या पुढे गेला म्हणून दुखला असं मला वाटत नाही. कुठल्याही ढंगाने बैठका मारल्या असत्या तरी इतक्या वेगाने वाढवल्यावर तो कुरकुरलाच असता. दवाखान्यात वाटीच्या दुखण्याचे जे लोक येतात, त्यांना मी पहिला प्रश्न ‘कसं करता’ असा विचारत नाही. ‘मागच्या दोन महिन्यांत काय बदललं?’ असं विचारते. दहातल्या सात-आठ जणांकडे तिथेच उत्तर सापडतं : नवीन जिम, गड चढण्याचा मोसम, मॅरेथॉनची तयारी, किंवा लिफ्ट बंद पडली म्हणून महिनाभर जिना.

तर करायचं काय? बैठका बंद करू नका, कमी करा. पायांचा व्यायाम आठवड्यातून तीनच दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. दुखणं शून्य ते दहा मोजा. करताना तीनपर्यंत चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यावर ते आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं नको. वाढलं तर आदल्या दिवशीचं जास्त झालं, इतकं साधं. पहिले दोन-तीन आठवडे खुर्चीपर्यंतच बसा, तीन अंक मोजत खाली, बारच्या ऐवजी रिकाम्या हातांनी. याच काळात ट्रेनरचं ऐकायला माझी हरकत नाही. ढुंगण थोडं मागे, गुडघा थोडा मागे. दुखऱ्या वाटीला तेवढी उसंत मिळते, खुब्याचे स्नायूही कामाला लागतात आणि वाटीच्या दुखण्यात खुब्याचे व्यायाम जोडीला असले तर फायदा होतो हे चांगलं तपासलं गेलेलं आहे. बार खांद्यावर नसल्यामुळे कमरेवरही फार येत नाही. ती सोय काही आठवड्यांची, जन्माचा नियम नव्हे. ट्रेनरना हे शांतपणे सांगा. वाद घालायची गरज नाही, त्यांची काळजी खरी आहे.

मग बैठक खोल करा, एका वेळी थोडी. खुर्चीऐवजी बुटकं स्टूल, मग स्टुलाऐवजी पाटावर घडी घातलेली सतरंजी, मग सतरंजीची एकेक घडी उलगडत जा. प्रत्येक पातळीवर आठवडाभर थांबा. गुडघा जाईल तितका पुढे जाऊ द्या, फक्त तो आतल्या बाजूला कोसळत नाही ना आणि टाच उचलत नाही ना, एवढं पाहा. टाच उचलत असेल तर घोटा तपासा : भिंतीसमोर एक पाऊल पुढे ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. अंगठा आणि भिंत यांच्यात साधारण दहा सेंटिमीटर अंतर राहिलं तरी टेकत असेल तर घोटा ठीक आहे. टेकत नसेल तर रोज पोटरी ताणा. टाचेखाली फळी घेण्याचा सल्ला जिममध्ये सर्रास देतात. तिने बैठक सोपी होते, पण गुडघा आणखी पुढे जाऊन वाटीवरचा भार वाढतो, म्हणून दुखणं शांत होईपर्यंत फळी नको.

जिन्याचा व्यायाम वेगळा करा. सगळ्यात खालच्या पायरीवर दुखरा पाय ठेवून दुसरा सावकाश जमिनीवर टेकवायचा, कठड्याला हात. सुरुवातीला सहा-आठ वेळा पुरे. जे दुखतं तेच थोड्या मात्रेत सवयीचं करायचं, एवढाच त्यातला विचार आहे.

गुडघा सुजला, मध्येच अडकून बसला, चालताना दगा द्यायला लागला, रात्री झोपेतून उठवण्याइतका ठणकला, किंवा ताप आणि लालसरपणा आला, तर हे सगळं बाजूला ठेवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तसं काही नसेल तर सहा आठवडे द्या आणि रोज दोनच गोष्टी वहीत लिहा : किती बैठका, आणि दुसऱ्या सकाळी जिना उतरताना दुखणं दहापैकी किती. सहा आठवड्यांनी ते दोन रकाने आणि स्टुलांच्या प्रयोगाचे दोन्ही व्हिडिओ घेऊन जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे गेलात, तर अर्धी तपासणी तुम्हीच केलेली असेल.